हात वर

पुणे
६ जानेवारी २०२५

ती. आईस,

देवश्रीचा नमस्कार. तुझं डिसेंबरातलं पत्र पोचलं. आईला फोन का करत नाहीस, म्हणून उपेंद्र आमच्या लग्नाला एवढी वर्षं होऊनही अजून विचारतो. मी सांगते, बाबा रे, तिला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडते, मला ऐकू येत नाही असं वाटून ती ओरडते, आणि शेजारच्या सुब्बरावांसकट वठारातल्या सगळ्या बिऱ्हाडांना आमच्या घरातली भाजी कळते. त्यापेक्षा पत्र बरं.

या पाकिटात एक तिकीट आहे. लाइटबिल समजून देवामागच्या डब्यात खोचून ठेवू नकोस! शनिवारी पंचवीस तारखेला, संध्याकाळी साडेपाच वाजता, येलवालच्या रस्त्यावरच्या एका आंब्याच्या बागेत आपल्या जयचा कार्यक्रम आहे. हो, दामूमामांचा जय. तुझी नात स्पृहा रात्रंदिवस कानात काहीतरी घालून बसलेली असते, तिनंच मला दाखवलं. पोस्टरवर 'मेल्लगे जय' असं नाव आहे. नाव अगदी शोभतं हो. लहानपणी 'मेल्लगे, मेल्लगे', हळूहळू, करतच तो जेवायला दीड तास लावायचा. तो रॅप करतो. म्हणजे गायचं नाही, तालावर यमक जुळवून बोलायचं. बाकीचे रॅपवाले नळावर भांडल्यासारखे बोलतात, आपला जय नुकता झोपेतून उठल्यासारखा बोलतो. आणि गंमत म्हणजे आपल्या घरच्या बोलीत बोलतो, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. पोरं वेडी झालीत त्याच्यापायी.

मामांवरचा माझा राग तुला माहीत आहे, आणि तो जाणार नाही. नवरीला मांडवात घेऊन यायचं, अंतरपाटाशी तिच्या मागे उभं राहायचं, हे मामाचं काम. माझ्या मागे शिवाजीराव काका उभे राहिले. का, तर मामांना ताप! गौरीहराला नेसायची पिवळी साडीसुद्धा मामाकडून यायची, ती तुला बाजारातून आणावी लागली. आठवड्यानं काकाच म्हणाले, तुझा मामा त्या दिवशी मैसूरच्या बसस्टँडवर चांगला धडधाकट बसला होता की. मांडवपरतणीला मामा भेटायला आले तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, 'काय मामा, ताप उतरला का तुमचा?' मान खाली घालून म्हणाले, 'उतरला गं.' तेव्हाच माझी खात्री झाली. बावीस वर्षं होतील मे महिन्यात, मी त्यांच्याशी बोललेली नाही.

पण त्यात जयचा काय दोष? तो तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. तू जा. आत्या पहिल्या रांगेत बसली तर त्याला केवढं वाटेल!

तुझी,
देवश्री


मैसूर
१३ जानेवारी २०२५

चि. देवश्रीस पोटभर आशीर्वाद.

तिकीट मिळालं. अय्यो, सातशे रुपये! तेवढ्यात मी दोन महिने दूध घेते.

मला काही जमायचं नाही. गुडघे बोलतात. कानातलं मशीन गर्दीत शिट्टी मारतं, मागच्या वर्षी गणपतीत भटजींनी मंत्र थांबवून बघितलं होतं. सत्तर वर्षांच्या बाईनं त्या पोरांच्यात जाऊन काय करायचं? आंब्याच्या बागेत मुंग्याही असतात.

उद्या संक्रांत. एळ्ळू-बेल्ल करून ठेवलंय. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, सगळं एकसारखं बारीक कापलंय, सुब्बरावांची पोरगी नव्या बघत बसली होती. तिला तिकीट देऊन टाकते. ती जाईल हौसेनं.

आणि मामाचं ते जुनं काढू नको गं सारखं. ताप होता म्हटलं ना. माणूस बसस्टँडवर बसला म्हणजे त्याला ताप नसतो काय? आता साकु कर, पुरे झालं.

स्पृहाला गोड पापा.

तुझी आई


पुणे
१८ जानेवारी २०२५

ती. आईस,

नव्याला तिकीट द्यायची गरज नाही, तिच्याकडे तिचं आहे. मी तिला निरोप पाठवलाय. शनिवारी चार वाजता ती रिक्षा घेऊन दारात येईल. उशी, पाण्याची बाटली आणि मुंग्यांसाठी हळद, सगळं ती आणणार आहे. आता बोल!

आणि जयला कळवलंय की तू येतेस. त्यानं काय उत्तर पाठवलं सांगू? 'खरंच येईल?' एवढंच.

असं का विचारलं असेल त्यानं? तू त्यांच्याकडे जातेस ना अधूनमधून? मला वाटायचं, राग माझा एकटीचा आहे.

तुझी,
देवश्री


मैसूर
२८ जानेवारी २०२५

चि. देवश्रीस अनेक आशीर्वाद.

गेले बाई. तुझ्या त्या नव्यानं सोडलंच नाही, हाताला धरून रिक्षात कोंबलं.

सांगते सगळं. बागेत दिव्यांच्या माळा, पोरापोरींची ही गर्दी. मेटगळ्ळीच्या कारखान्यातली पोरं कामाच्या शर्टातच आली होती. माझ्याइतकं म्हातारं एकच, बागेचा राखणदार, तोही झोपलेला. मला वाटलं होतं, धूर येईल, दिवे लखलखतील, जय उडी मारून येईल. कसलं काय! एक प्लास्टिकची खुर्ची, एक स्टूल, त्यावर स्टीलचा लोटा. जय आला तो रबरी चपला फटफटवत, लुंगीवर. बसला. जांभई दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या! मी नव्याला म्हटलं, जांभईला टाळ्या? ती म्हणाली, अज्जी, तीच तर त्याची स्टाइल आहे.

मग मागून ठेका सुरू झाला, आणि हा बोलायला लागला. ओसरीवर बसून शेजाऱ्याशी बोलावं ना, तसं. मध्येच थांबतो, पाणी पितो, पुढच्या पोराला विचारतो, 'ऊटा आयता?' जेवलास का म्हणून. तो पोरगा हो म्हणाला की पुढची ओळ. एक गाणं नंजनगूडच्या केळ्यांवर, एक शेवटच्या गाडीत डुलक्या काढणाऱ्या माणसावर. मी हसले गं. तोंडाला पदर लावून हसले. बाकी कुठल्या कार्यक्रमात मला चारातला एक शब्द कळतो. याचा प्रत्येक शब्द कळला. इतका सावकाश बोलतो तो. मशीननं एकदाही शिट्टी मारली नाही.

सुरुवातीला खाली उतरून त्यानं माझ्या पायांना हात लावला, सगळ्यांसमोर. 'आत्या, बस गं निवांत,' म्हणाला. अगदी दामूचा आवाज.

शेवटी एक गाणं होतं, त्यात सगळ्यांना हात वर करायला लावतो. हजारभर हात वर. नव्यानंही केले. माझा खांदा धरतो ना, म्हणून मी नाही केले.

मग आलो घरी. खुर्च्या बऱ्या होत्या. मुंग्या नव्हत्या.

तुझी आई


पुणे
८ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं. शेवटच्या गाण्यावर तू दोनच ओळी लिहिल्यास. जांभईवर अख्खा परिच्छेद आणि त्यावर दोन ओळी? म्हणून स्पृहाकडून ते गाणं मागून घेतलं. त्याचं नावच 'हात वर' आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं ते नेटवर टाकलंय. स्पृहाला पाठ आहे. ती माझ्या स्वयंपाकघरात ते म्हणत फिरायची, आणि मी कधी कान दिला नाही.

मी लिहून काढलंय. तुझ्यासमोर ठेवते.

'पहिल्या बसनं आले अप्पा, नवा सदरा घालून,
दोन्ही हात खिशात, जसं काही आणलंय चोरून.
अक्का म्हणाली, थांब जरा, निरोप धाडते मागून.
स्टँडवर बसलो दोघं, गाड्या मोजून मोजून.
हात वर, हात वर, अप्पा हात दाखव,
हिरवे तर हिरवे, अप्पा हात दाखव.'

नव्यानं बागेतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. त्यात तिसरी ओळच नाही. 'चोरून' म्हणतो, मग लोटा उचलून पाणी पितो, ठेका चालू राहतो, आणि मग थेट 'स्टँडवर बसलो'. लोकांना वाटलं, आळशीपणाची गंमत. ते हसले. तू पहिल्या रांगेत होतीस. तुझ्यासमोर त्यानं ती ओळ म्हटली नाही.

जयचे अप्पा म्हणजे मामा, आणि मामांना तू एकटीच बहीण आहेस. त्यांची अक्का म्हणजे तूच.

आई, काय झालं होतं त्या दिवशी? मामांना ताप होता का? आणि हात हिरवे म्हणजे काय?

मला खरं लिही. गुडघे आणि मुंग्या नकोत.

देवश्री


मैसूर
२४ फेब्रुवारी २०२५

चि. देवश्री,

दोन आठवडे कागद पुढे घेऊन बसते आणि उठते. आज लिहिते. पुरं होईपर्यंत उठायचं नाही असं ठरवलंय, कुकरसुद्धा लावला नाही.

ताप नव्हता.

तुला बघायला तुझ्या सासरची मंडळी आली होती आठवतं? माणसं आपल्यातलीच, रंगाऱ्यांचीच. पण त्यांच्या दोन पिढ्यांनी रंगाला हात लावला नव्हता. कुणी इंजिनियर, कुणी बँकेत. तू आत चहा गाळत होतीस. तुझे सासरे हसत म्हणाले, 'तुमच्याकडे अजून कुणी भट्टीवर आहे का हो?' वाईट हेतूनं नव्हे, सुम्ने, सहज विचारलं. आणि माझ्या तोंडून निघालं, 'छे छे! माझ्या भावाचं नंजनगूडला कापडाचं दुकान आहे.' तुझे बाबा माझ्याकडे बघत राहिले. मीही बघितलं त्यांच्याकडे, डोळे मोठे करून. ते गप्प बसले.

एकदा दुकान म्हटल्यावर दामूचे हात कुठे ठेवायचे? बाराव्या वर्षापासून तो रंगाच्या हंड्यावर होता. नखं निळी-काळी, मनगटापर्यंत रेघांत निळं मुरलेलं. लग्नाच्या आठ दिवस आधी मी निरोप पाठवला, हात साफ करून ये. त्यानं केले गं. चिंच, लिंबू, रॉकेल, शेवटी ब्लीचिंग पावडर. कातडं सोललं होतं त्याचं.

लग्नाच्या सकाळी मी कार्यालयाच्या फाटकाशी मुद्दाम उभी होते, तो कुणाला दिसायच्या आधी मला दिसावा म्हणून. आला पहिल्या बसनं, जयला घेऊन. तुझ्या वनजामामीला बाळंतपणानंतर बरं नव्हतं, ती घरी. मी म्हटलं, 'दामू, हात दाखव.' त्यानं दाखवले. हिरवे! मनगटापर्यंत हिरवे. मी कपाळ बडवून घेतलं. 'अरे, हे काय करून आलास?' म्हटलं. 'अक्का,' म्हणाला, 'जुनं निळं जात नाही, त्यावर नवीन पिवळं बसलं. जाईल दोन दिवसांत.'

नवीन पिवळं कुठलं ते तुला कळलं असेल. नसेल तर लिहिते. तुझी साडी मी बाजारातून आणली नव्हती. दोन दिवस आधी दामूनं वनजाच्या भावाबरोबर पाठवली होती, स्वतः रंगवून. सात वेळा बुडवून काढली होती म्हणे, पक्का रंग बसावा म्हणून. काठी न वापरता हातानं फिरवली, काठीनं रेशमावर ओरखडा येतो. तू ती नेसून गौरीहरापुढे बसली होतीस, आणि ज्या हातांनी ती रंगवली ते मी फाटकाशी अडवून धरले होते.

मी म्हणाले, 'आत पुण्याची मंडळी आहेत. मामा मुलीच्या मागे उभा राहिला की हात सगळ्यांना दिसणार, फोटोत येणार. तू जरा स्टँडवर जाऊन बस. अक्षता पडल्या की माणूस पाठवते, मग जेवायला ये.' 'बरं अक्का,' म्हणाला. जयचं बोट धरलं आणि गेला. आमची आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मी दहाची. मी वाढवलं त्याला. मी बस म्हटलं की तो बसायचा. तीच सवय.

बावीस वर्षं मी मनाशी म्हणत आले की घाईगर्दीत माणूस पाठवायचं विसरले. विसरले नव्हते. वरण वाढताना आठवलं होतं, तुझ्या सासूबाई पाटावर बसल्या तेव्हाही आठवलं होतं. हात धुवायच्या ठिकाणी तर समोर तोच दिसत होता. पाठवलं नाही. तो आला असता तर कुणीतरी विचारलं असतं. स्टँड तिथून अर्धा मैल, आणि ती दोघं तिथे उपाशी बसली होती. शेवटी चारच्या गाडीनं गेली.

ताप मी आणला. तू त्याला खोचून विचारलंस तेव्हा मी तिथेच होते, पोळी उलटत. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, 'उतरला गं.' माझं खोटं त्यानं त्याच्या अंगावर घेतलं. तुझे बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, पण दर दसऱ्याला नंजनगूडला ते एकटे जायचे. मला चल म्हणायचे नाहीत. त्यानंतर मी त्या घरात दोनदा गेले, दोन्ही वेळा कुणीतरी वारलं म्हणून.

आता बागेतलं. जयनं ती ओळ गिळली तेव्हा कुणाला कळलं नाही, मला कळलं. तिथे काय असणार ते मला पाठ होतं, मी गाणं ऐकलं नसूनही. सगळी पोरं हात वर करून ओरडत होती, 'अप्पा हात दाखव', आणि मी माझे हात पदराखाली घट्ट दाबून बसले होते. खांदा वगैरे काही धरत नाही माझा.

निघताना तो रिक्षापर्यंत आला. म्हणाला, 'आत्या, एक ओळ गाळली आज. तू म्हणशील तर यापुढेही गाळीन.' त्याच्या बोलण्यात जराही राग नव्हता. तू असतीस तर काय म्हणाली असतीस? मी काय म्हणाले ते ऐक. मी म्हणाले, 'गाळ रे.' बावीस वर्षांनी देवानं परत एकदा फाटकाशी उभं केलं, आणि मी परत तेच केलं. रिक्षात नव्या विचारत होती, अज्जी, आवडलं का? मी म्हटलं, खुर्च्या बऱ्या होत्या.

लाज वाटते गं. या वयात माणसाला इतकी लाज वाटू शकते हे माहीत नव्हतं. जेवताना वाटते, देवाला हळदकुंकू वाहताना माझीच पिवळी झालेली बोटं बघून वाटते.

तुला काय वाटायचं ते वाटू दे. मी वाट बघते असं म्हणायलाही तोंड नाही.

आई


पुणे
१९ मार्च २०२५

आई,

पत्र मिळालं. मुद्दामच एवढे दिवस काही लिहिलं नाही.

उपेंद्रला वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'अगं, आमच्या आजोबांच्या हातांचा फोटो बाबांनी हॉलमध्ये लावलाय. ते रंगारी होते हे बाबा सगळ्यांना अभिमानानं सांगतात. भट्टीवर कुणी आहे का, हे त्यांनी आशेनं विचारलं असेल.' हे तुला कळावं म्हणून लिहिते. तुझ्या जिवाला लागेल हे माहीत आहे, तरी लिहिते.

तू मला बावीस वर्षं एका भल्या माणसाचा राग करायला लावलास. माझ्या तोंडून त्याला टोमणा मारवलास, आणि पोळी उलटत राहिलीस.

मला तुझं 'लाज वाटते' नको आहे. मला सांगून काय उपयोग? नंजनगूड तुझ्या घरापासून तासाभरावर आहे.

देवश्री


मैसूर
३ एप्रिल २०२५

चि. देवश्री,

उगादीच्या दुसऱ्या दिवशी गेले. बसनं गेले, स्टँडवरून. मुद्दाम तासभर आधी जाऊन त्या बाकांवर बसले. आता सगळं नवीन बांधलंय, पण उन्हाचं तेच. तासाभरातच जीव नकोसा झाला. ती दोघं सकाळपासून चारपर्यंत बसली होती.

तुझ्या सासऱ्यांचं वाचलं. आशेनं विचारलं असेल, हे. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

दामू ओसरीवर बसला होता, खांद्यावर पंचा, समोर निवडायला घेतलेली पावट्याची टोपली. किती वाळलाय गं. फाटकाची कडी वाजली, त्यानं वर बघितलं, मी दिसले, आणि माहीत आहे काय केलं त्यानं? शेंगा टाकून दोन्ही हात पंच्याखाली घेतले. रागानं नव्हे, दाखवायलाही नव्हे. मी दिसले म्हणून. आपोआप.

भट्टी बंद होऊन पंधरा वर्षं झाली आहेत देवश्री. त्याचे हात माझ्यासारखे, तुझ्यासारखे, साधे हात आहेत.

येताना मी मनात बरंच काही जुळवलं होतं. सगळं गेलं. तिथेच पायरीवर बसले, आणि तोंडातून निघालं, 'दामू, हात दाखव.' तेच शब्द! माझं मलाच ऐकू आलं आणि जीभ चावली. पण त्यानं काढले बाहेर. शाळेत नखं तपासायला दाखवतात तसे, आधी पालथे, मग उताणे. 'गेलं अक्का सगळं,' म्हणाला. 'आता काही नाही. बघ.' मला धीर देत होता तो.

मी ते हात धरले आणि त्यांच्यावर डोकं टेकून रडले. वनजा आतून आली, बघितलं, ये-बस न म्हणता टोपली उचलून आत गेली. तिचं बरोबर आहे. मी म्हटलं, 'दामू, मी माणूस पाठवला नाही. विसरले नव्हते.' तो म्हणाला, 'माहीत आहे गं.' पहिल्या दिवसापासून त्याला माहीत होतं. मला वाटायचं, निदान ते तरी माझं मला एकटीलाच माहीत आहे. क्षमा कर म्हटलं तर म्हणाला, 'तू मला जेवू घालून मोठं केलंस, सोड.' सोडलं म्हणाला नाही. सोड म्हणाला. मला त्यातला फरक कळला, आणि तोही बरोबरच आहे.

मग त्यानं एकच गोष्ट विचारली. इतक्या वर्षांत त्याला कुणाला विचारता आली नव्हती. म्हणाला, 'आपल्या देवीच्या लग्नातल्या त्या साडीचा रंग धुतल्यावर उतरला का गं?'

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही तुला. तू त्याला लिही. मला नको, त्याला.

जयला निरोप ठेवलाय: ती ओळ गाळू नको. अक्का म्हण. माझं नाव घेऊन सरोजिनी म्हणायचं असेल तर तसं म्हण.

आई


पुणे
११ एप्रिल २०२५

ती. दामूमामांस,

देवीचा नमस्कार. माझं अक्षर तुम्ही ओळखणार नाही, म्हणून नाव आधीच लिहिते. तुमची देवी.

साडी माझ्याजवळ आहे. लग्नानंतर पाच-सहा वेळा नेसले. पहिल्यांदा धुताना पाण्यात मीठ टाकलं होतं, बाजारची साडी, रंग जाईल म्हणून. पाणी स्वच्छ राहिलं. सासूबाईंनी वाकून बघितलं आणि विचारलं, 'कुणी रंगवली गं ही? असं काम आता कुणाला येतं?' मी म्हणाले, माहीत नाही, दुकानातून आणली.

काल परत धुतली, मुद्दाम, साध्या साबणानं. दुपारभर गच्चीत होती. मामा, रंग उतरलेला नाही. काठाशी नाही, घडीवर नाही, कुठेच नाही. स्पृहानं हात लावून बघितला. तिला सांगितलं, हे आजोबांनी हातानं केलंय. ती म्हणाली, ते गाण्यातले अप्पा? मी हो म्हटलं.

तुम्हाला ताप नव्हता. मला तेव्हा कळायला हवं होतं. तुमच्या मांडीवर बसून मी पाढे शिकले, तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं, तरी मी माणसांत तुम्हाला तसं विचारलं. ते आईनं माझ्याकडून करवलं असं मी आईला लिहिलं. पण तोंड माझं होतं, मामा. त्याची लाज माझी मला आहे.

आईला अजून पत्र लिहिलेलं नाही. लिहीन.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं येतोय. साडी नेसून येणार आहे. मैसूरला उतरून लगेच नंजनगूडची बस पकडू.

स्टँडवर घ्यायला येऊ नका. तुम्ही तिथे पुष्कळ थांबलात. आम्हीच घरी येतो.

तुमची,
देवी